‘एल’चा ‘एस’ झाला तेव्हा: जुन्या जनगणनेच्या सूचीकारांना खुलं पत्र

सूचीकार मंडळी,
सप्रेम नमस्कार.

माझ्या वहीत एका कुटुंबापुढे पेन्सिलने ‘निर्वंश’ असं लिहिलेलं होतं. नवरा, बायको, पाच मुलं असं भरलं घर इंग्लंडच्या १८६१ च्या जनगणनेत आहे आणि १८७१ च्या जनगणनेत नाही. मृत्यूच्या नोंदींत नाही, जहाजांच्या याद्यांत नाही. आडनाव असं की देशभर ते लावणारी माणसं जेमतेम चार-पाच घरांत मावतील. असं एक घर दिसेनासं झालं की मनात काहीबाही येतं. साथ आली असेल, बोट बुडाली असेल, नाव बदलून कुठे गेले असतील. मी दोन-अडीच वर्षं हेच तर्क करत बसलो.

मग एका रात्री आडनावाचा रकाना मोकळाच ठेवला आणि धाकट्या मुलीचं नाव, अंदाजे वय, जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतला विभाग) एवढंच टाकून, तुम्ही जुनी पानं वाचून केलेल्या नावांच्या संगणकावरच्या सूचीत शोध घेतला. मुलीचं नाव बायबलच्या जुन्या करारातलं, सहसा कुणी न ठेवणारं, म्हणून ही युक्ती सुचली. उत्तर एकच आलं. पान उघडलं तर सगळे तिथेच! त्याच गल्लीत, जुन्या घरापासून तीन घरं पलीकडे. बाप तोच, धंदा तोच, मुलं दहा वर्षांनी मोठी. कुटुंबप्रमुखाच्या आडनावाचं पहिलं अक्षर ‘एल’, पण प्रगणकाने त्याचा वरचा फाटा जरा जास्तच वळवलेला. सूची करणाऱ्याने तो ‘एस’ वाचला. ‘एस’ने सुरू होणारं असलं आडनाव कसं असेल, असं त्याला वाटलं असावं, कारण पुढची दोन अक्षरंही त्याने ‘सुधारली’ आणि चारचौघांसारखं एक आडनाव तयार केलं. खाली बायको-मुलांच्या ओळींत प्रगणकाने आडनावाऐवजी ‘डिट्टो’ची, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’ची, खूण केलेली. एका फाट्यापायी सात माणसं गेली.

‘निर्वंश’ मी खोडरबराने पुसलं. कागदावर वळ अजून आहे.

पानं एकेक करून चाळली असती तर हे कुटुंब पहिल्याच आठवड्यात सापडलं असतं, हे मला कळतं. पण सूची हाताशी असताना पानं कोण चाळतो? सूचीत नाही म्हणजे जगात नाही, असं आम्ही धरून चालतो. तुमच्या कामाचा हा मान आहे आणि धोकाही तोच आहे.

(आडनाव इथे देत नाही. ते माझं नाही, जवळच्या एका माणसाचं आहे. आडनाव इतकं दुर्मीळ असलं की नुसतं ते सांगणं म्हणजे जिवंत माणसांचा पत्ता सांगण्यासारखं आहे.)

हे पत्र तक्रारीचं आहे, पण ऋण आधी मानतो. इंग्लंड आणि वेल्सच्या १८८१ च्या जनगणनेत साधारण दोन कोटी साठ लाख माणसं आहेत. ती सगळी नावं कुटुंबेतिहास मंडळांच्या स्वयंसेवकांनी, अमेरिकेच्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेच्या सोबतीने, वर्षानुवर्षं बसून उतरवली आणि १९९९ मध्ये ती सीडीवर आली. त्याआधी मायक्रोफिल्मचं रीळ यंत्राला लावून हाताने फिरवत बसायचं, आणि तेही माणूस कुठे राहत होता हे आधीच ठाऊक असेल तरच. नावावरून माणूस गाठता येणं ही त्या लोकांची देणगी आहे. कुठलं आडनाव कुठल्या परगण्यात दाटलं होतं याचे नकाशे आज काढता येतात तेही त्यांच्याच जिवावर. म्हणून तुमच्या कामाला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. मला बोलायचंय ते एका खोडीबद्दल. ती आळशी सूचीकारात नसते, हुशार सूचीकारात असते.

तुमच्यासमोर येणारं पान हे मूळ पान नव्हेच, याची आठवण आधी करून देतो. ब्रिटनमध्ये १८४१ पासून १९०१ पर्यंत रीत अशी होती: घरोघरी पत्रक द्यायचं, कुटुंबप्रमुखाने ते भरायचं, प्रगणकाने गोळा करून आपल्या वहीत उतरवायचं. घरातली पत्रकं नंतर नष्ट केली गेली, वह्या राहिल्या. ज्याला लिहिता येत नसे त्याचं पत्रक प्रगणकच विचारून विचारून भरी. म्हणजे एखाद्या खाणकामगाराने दारात उभं राहून आपल्या बोलीत आडनाव सांगितलं, प्रगणकाने कानाला पटेल तसं लिहिलं, मग घरी बसून वहीत उतरवलं. त्या वहीवर पुढे मुख्य कचेरीतल्या कारकुनांनी वयं आणि धंदे मोजताना जाड रेघांच्या खुणा मारल्या, काही खुणा तर थेट अक्षरांवरूनच गेल्या. १८४१ च्या वह्या पेन्सिलने लिहिलेल्या, त्या पुसट झाल्या. त्यात पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायला सांगितलं होतं, तेव्हा ३९ वर्षांचा बाप्या ३५ चा दिसतो. या सगळ्याचं पुढे मायक्रोफिल्म झालं, मायक्रोफिल्मचं स्कॅन झालं आणि मग ते तुमच्यासमोर आलं. नकलेची नक्कल, तिची छाया आणि छायेचा फोटो.

एवढ्या हातांतून आलेल्या नावात चुका असणार हे उघड आहे. तुम्ही म्हणाल, मग आम्ही एखादी दुरुस्त केली तर बिघडलं कुठे?

इथेच आपलं जुळत नाही. चुका दोन जातींच्या असतात, कानाच्या आणि डोळ्याच्या. प्रगणकाची चूक बहुधा कानाची. या आडनावात एका जनगणनेत दोन ‘टी’ आहेत, दुसरीत एकच, तिसरीत शेवटचा स्वर गायब आहे, आणि एकदा तर मध्येच एक ‘एच’ कुठूनसा येऊन बसला आहे. या चुका एकाखाली एक मांडल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते लोक हे नाव कसं उच्चारत असत, जोर कुठे देत आणि कुठलं अक्षर खात. आज त्या घरातलं कुणीही तसा उच्चार करत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा आवाज ऐकण्याचं दुसरं साधन माझ्याकडे नाही. प्रगणकाची चूक हा पुरावा आहे. तुम्ही ती नीटनेटकी केलीत तर पुराव्यावर बोळा फिरवलात.

डोळ्याच्या चुकीतून मात्र काहीच कळत नाही. ‘एल’चा ‘एस’, ‘टी’चा ‘एफ’, ‘यू’चा ‘एन’, शेजारी बसलेल्या ‘आर’ आणि ‘एन’चा मिळून ‘एम’. जुन्या वळणात दोन ‘एस’ लागोपाठ आले की पहिला लांबुळका काढत आणि तो हुबेहूब ‘एफ’सारखा दिसे, त्यामुळे कित्येक सूचींत दोन ‘एस’ची माणसं ‘एफ-एस’ होऊन किंवा चक्क ‘पी’ होऊन पडली आहेत. मोडी वाचणाऱ्यांना ही व्यथा वेगळी सांगायला नको. अशा चुका होणारच, मीही केल्या आहेत. माझं भांडण त्यांच्याशी नाही. अक्षर लागत नसताना ते लागलंय असं दाखवणं, आणि लागलेलं अक्षर विचित्र वाटलं म्हणून बदलणं, या दोन गोष्टींशी आहे.

नेहमीच्या आडनावाला याची झळ लागत नाही. हजारातलं एक नाव बिघडलं तरी नऊशे नव्याण्णव उरतात. दुर्मीळ आडनावाचं गणितच वेगळं आहे, आणि ते जुनं आहे. आडनावं नाहीशी का होतात, हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८७३ मध्ये गणित म्हणून मांडला. हेन्री विल्यम वॉटसन या पाद्र्याने ते सोडवलं आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध आला. वॉटसनच्या हिशेबाने प्रत्येक आडनाव कधी ना कधी संपणारच होतं. तेवढं त्याचं चुकलं: माणसागणिक सरासरी एकाहून जास्त मुलगे असतील तर नाव टिकण्यालाही वाव राहतो. पण गाभा बरोबर होता. मूठभर लोकांचं आडनाव रोगराई, युद्ध यातलं काहीही न होता, नुसत्या योगायोगाने संपतं. एका पिढीत मुलीच झाल्या, पुढच्या पिढीत एक मुलगा अविवाहित राहिला, संपलं. हेच गणित पुढे अणू फुटण्याच्या साखळीलाही लागू पडलं. गाल्टन आणि वॉटसनने मुलगे मोजले. त्यांच्या सूत्रात कारकून मात्र नव्हता, आणि माझ्या वहीतलं ‘निर्वंश’ कारकुनाच्या खात्यावरचं होतं.

ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांचं ‘गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज’ स्थापन झालं. त्या मंडळींची एक सवय मला फार आवडते. नावाची रूपं ते दोन ढिगांत घालतात. कुटुंबाने स्वतः वापरलेलं वेगळं रूप एका ढिगात, आणि कुणा कारकुनाच्या हातून एखाद्या वेळी झालेलं वाकडं रूप दुसऱ्या ढिगात. दुसरा ढीग ते फेकून देत नाहीत. शोध घेताना वाकडी रूपं पाठ असावी लागतात, कारण माणसं बऱ्याचदा तिथेच दडलेली असतात. पण हे दोन ढीग वेगळे करायचे तर मुळात काय लिहिलंय ते दिसायला हवं.

ध्वनीवरून शोधण्याची सोय आहे ना, असं काहीजण म्हणतात. आहे. रॉबर्ट रसेलने १९१८ मध्ये पेटंट घेतलेली साउंडेक्स पद्धत: नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर सोडून द्यायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. अमेरिकेत १९३० च्या मंदीत बेकारांना काम म्हणून या पद्धतीने जुन्या जनगणनांची कार्डं करून घेतली. कानाच्या चुका ती छान पकडते, दोन ‘टी’ असोत की एक. पण पहिलं अक्षरच तिचा खुंटा आहे. तोच दुसरीकडे ठोकलात की साउंडेक्स जन्मभर चुकीच्या गोठ्यात शोधत राहते. आमचा ‘एल’ तिच्या मते ‘एस’च्या वाटेला कधीही जाणार नाही.

आणि आता यंत्रं आली आहेत. अमेरिकेची १९५० ची जनगणना बहात्तर वर्षांची मुदत संपल्यावर १ एप्रिल २०२२ ला खुली झाली, तेव्हा नावांची पहिली सूची यंत्राने हस्ताक्षर वाचून केलेली होती आणि मग लोकांना ती तपासायला सांगितलं. यंत्राला मी दोष देत नाही, ते फार वेगाने आणि पुष्कळदा बरोबर वाचतं. पण असं यंत्र लाखो नावं पाहून शिकलेलं असतं. संशय आला की ते जास्त पाहिलेल्या नावाकडे झुकतं, म्हणजे दुर्मीळ नावाच्या विरुद्ध बाजूला. हुशार सूचीकारही नेमकं हेच करतो. तो थकतो तरी. यंत्र तीच चूक सगळ्या देशभर एकसारखी करील.

एका कंपनीच्या सूचीत मी आमच्या सात जणांची दुरुस्ती सुचवली होती. पानाचा संदर्भ दिला, आधीच्या आणि नंतरच्या जनगणनेतला तोच बाप, तीच आई दाखवून दिली. उत्तर आलं की हे आडनाव त्यांच्या आडनावांच्या यादीत नाही, सबब बदल करता येत नाही. यादी कुठून आली असं विचारल्यावर कळलं, सूचीतूनच. हसावं की रडावं!

तुमचं काम हलकं नाही हे मी जाणतो, म्हणून मागणं थोडकं आहे. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हे आपण बावळट नकलनवीसाला चिडवायला म्हणतो: मुळात पानावर माशी चिरडलेली होती, पठ्ठ्याने नकलेतही त्या जागी माशी चिकटवली. माझं मागणं असं की जनगणनेच्या पानापुरतं तुम्ही तो बावळट व्हा. मुळात माशी असेल तर माशी उतरवा. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक लिहून ठेवत, ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’, आणि शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका म्हणत. त्यांना व्याकरण येत नव्हतं म्हणून नव्हे. आपलं काम कुठे संपतं हे त्यांना ठाऊक होतं म्हणून.

अक्षर लागलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. मला प्रश्नचिन्ह चालतं, प्रश्नचिन्ह शोधता येतं. खोट्या खात्रीने लिहिलेलं अक्षर शोधता येत नाही. तुमचा तर्क तुम्हाला फारच पटत असेल तर तो शेजारच्या रकान्यात लिहा, आणि असा दुसरा रकाना ठेवा म्हणून सूची चालवणाऱ्यांच्या मागे लागा. वाचकाने सुचवलेली दुरुस्ती जुन्या वाचनावर चढवू नका, शेजारी जोडा, कारण वाचकही चुकतो. आमच्यासारखे आडनावाच्या मागे लागलेले लोक तर हटकून चुकतात, आम्हाला प्रत्येक गिचमिडीत आपलाच माणूस दिसतो. ‘डिट्टो’ असेल तिथे नाव भरताना ते खूण पाहून भरलंय असं नोंदवा. सावत्र मुलांना सरसकट कुटुंबप्रमुखाचं आडनाव ‘डिट्टो’ने लावण्याची प्रगणकांना खोडच होती. मालिकेचा, फोलिओचा (वहीतल्या कागदाचा) आणि पानाचा क्रमांक तर कधीच गाळू नका. तो असला की तुम्ही काहीही वाचलेलं असो, मी पानापर्यंत पोहोचतो.

हे सगळं एका आडनावाच्या वेडापायी, असं वाटत असेल तर अमेरिकेची १८७० ची जनगणना काढून बघा. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची वेगळी पत्रकं होती. त्यांत मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, वर्ण, बस्स. माणसाचं नाव सहसा नाहीच. १८७० मध्ये ही माणसं देशाच्या जनगणनेत पहिल्यांदा नावानिशी आली. कुणी जुन्या मालकाचं आडनाव लावलं, कुणी मुद्दाम दुसरं घेतलं, आणि अनेकांनी ते प्रगणकाला तोंडी सांगितलं. त्या पानावर अनोळखी वाटणारं एखादं आडनाव तुम्ही ओळखीच्या आडनावात बदललंत, तर कशावर हात फिरवलात याचा विचार करा.

जळलं त्याचं काही करता येत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेला १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आग लागली, त्यातून वाचलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केले, आणि सव्वासहा कोटींच्या देशातून जेमतेम सहा हजार नावं उरली. आयर्लंडची १८२१ ते १८५१ ची जवळजवळ सगळी पानं १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या आगीत गेली. त्यापुढच्या चार जनगणना सरकारनेच नष्ट केल्या, म्हणून आयर्लंडमध्ये शोध बहुधा १९०१ च्या भिंतीला येऊन थडकतो. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. जनगणना शंभर वर्षं बंद ठेवण्याच्या नियमाने १९२१ ची २०२२ मध्ये उघडली, आणि यानंतरची १९५१ ची २०५२ शिवाय बघायला मिळणार नाही. तोवर मी असेन-नसेन. म्हणजे आहे त्याच पानांवर आम्हाला गुजराण करायची आहे, आणि जी पानं आगीतून, पाण्यातून, मंत्र्यांच्या हुकमांतून वाचली त्यांतली माणसं सूचीत हरवावीत हे सहन होत नाही.

एक कबुली राहिली आहे. काही वर्षांपूर्वी मीही स्वयंसेवक म्हणून पानं उतरवत होतो. रात्र झालेली, बरीच पानं झालेली, डोळे चुरचुरत होते. एका घरापाशी आलो तर आडनाव चमत्कारिक, कधी न ऐकलेलं. अक्षरं स्पष्ट होती, वाचायला काहीच अडचण नव्हती. तरी वाटलं, प्रगणकाची लेखणी घसरली असणार, असलं आडनाव नसतंच. मी जवळचं, माहितीतलं आडनाव टाकलं. अनोळखी नावाखाली संगणकाने मारलेली लाल रेघ गेली. बरं वाटलं. खालच्या ‘डिट्टों’नाही तेच लावलं आणि पान पाठवून दिलं.

माझा ‘एल’ सापडल्यावर हे आठवलं, तेव्हापासून ते पान शोधतोय. जनगणना कुठली, परगणा कुठला, काही लक्षात नाही. ते आडनावही आता आठवत नाही. पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात शाईचा एक मोठा डाग होता आणि घरात एक म्हातारी होती, तिच्या वयाच्या आकड्यावरून जाड रेघ गेलेली. तुमच्यापैकी कुणाच्या नजरेस पडलं तर कृपा करून कळवा.

आपला,
‘एल’वाल्यांचा एक पाहुणा